ओल्या थैलीचा मुक्काम

भोपाळमधल्या आमच्या ओळखीच्या घरांत माझ्या सासऱ्यांनी उघडून पाहिला नाही असा एकही फ्रिज उरलेला नाही. यजमान पाणी विचारायच्या आत हे स्वतःच पाणी घ्यायला उठतात आणि भाजीचा खण ओढून बसतात. नागपूरहून सरकारी नोकरीपायी इथे आलेला हा माणूस एरवी अत्यंत मवाळ; पण पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, कोंबलेली पालेभाजी दिसली की त्यांचा आवाज चढतो. एकदा चार इमलीतल्या एका बंगल्यावर आम्ही सांत्वनाला गेलो होतो. सगळे खाली मान घालून बसलेले, आणि हे स्वयंपाकघरात मेथी निवडताना सापडले. परतताना मी कुरकुरलो, तर म्हणाले, "दुःख आपल्या जागी आहे, जावईबापू. पण मेथीनं काय पाप केलं?"

त्यांच्या स्वतःच्या फ्रिजमध्ये पन्नीला मज्जाव आहे. सासूबाई गेल्यावर त्यांच्या जुन्या सुती साड्यांच्या यांनी मशीनवर बसून थैल्या शिवल्या. पालेभाजीची थैली भिजवून घट्ट पिळायची, भेंडीची मात्र कोरडीच ठेवायची. हिरव्या काठाची पालकाला, जांभळ्या काठाची सांभाराला. कोथिंबिरीला ते अजून नागपूरसारखं सांभारच म्हणतात. धुतलेली थैली खडखडीत वाळल्याशिवाय तिची घडी करायची नाही आणि ती घेतल्याशिवाय कुणाच्या घरून निघायचं नाही, हाही त्यांचा नियम.

बाग सेवनियात ते एकटेच राहतात. मागे न्हाणीघरात घसरले, तेव्हापासून माझ्या बायकोला स्वस्थता नाही. बाबांनी कोलार रोडला आमच्याकडे कायमचं यावं, एवढंच तिचं मागणं. विचारायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी नेहमी त्यांच्या फाटकाशी, स्कूटर चालू ठेवून केलं. "तुमच्या फ्रिजमध्ये जीव गुदमरते जी," असं म्हणून ते हसत टाळायचे आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. ती चालू स्कूटर आणि ते सुटल्यासारखं वाटणं, दोन्ही मला अजून खुपतात.

परवा मी भाजीचा खण रिकामा करून स्वच्छ पुसला, स्कूटर बंद करून त्यांच्या घरात जाऊन बसलो आणि त्यांना जेवायला घेऊन आलो. रिकामा खण त्यांनी पाहिला. येताना त्यांनी थैलीतून आणलेल्या पालकाची भाजी झाली, जेवणं झाली. मग त्यांनी हिरव्या काठाची थैली धुऊन गॅलरीतल्या दोरीवर टाकली. "वाळली का निघतो."

बायकोचा चेहरा उतरला. मे महिन्याचं ऊन, पातळ सुती कापड. कितीसा वेळ लागणार? थोड्या वेळानं मी पाण्याचा तांब्या घेऊन, चोरपावलांनी गॅलरीत गेलो. तिथे सासरे आधीच उभे होते. हातात पेला, आणि बोटांनी थैलीवर पाणी शिंपडणं चालू.

मागे वळून न पाहता ते म्हणाले, "भोपाळच्या उन्हात काही दम नाही राहिला, जावईबापू. थैली वाळतच नाही."

त्यांचा पेला रिकामा झाला होता. मी तांब्या पुढे केला.