आत येणाऱ्याने एक ओळ द्यायची

बुऱ्हाणपुरात मागावरच्या कापसाचे तंतू न बोलावता अंगाला चिकटतात. शाळेतल्या किश्शांचंही तसंच आहे. झटकायला गेलं की आणखी चिकटतात! आता हेच बघा, पुण्याहून शिकून मी गावी परतले ती कविता शिकवायला. पण मित्रमंडळींत बसले की सांगत असते ते भीतीचे किस्से.

भीती एकच होती. तेव्हा नुकतेच प्रांत बदलले होते. शाळेचे कागद पूर्वी नागपूरहून यायचे, आता भोपाळहून यायला लागले. त्यातच कुणीतरी बातमी आणली, की लवकरच इन्स्पेक्टर येणार आणि आठवीचा मराठी वर्ग ठेवायचा की मोडायचा ते ठरवून जाणार. कधी येणार, कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे राजपुरा मोहल्ल्यातल्या आमच्या शाळेत फाटक वाजलं तरी सगळे खिडकीकडे धावायचे.

*

मी मात्र पहिल्याच दिवशी बेंच भिंतीला लावले आणि मुलांना जमिनीवर गोल बसायला सांगितलं. कविता अशी समोरासमोर बसून बोलायची असते, असं माझं ठाम मत!

मुलं उठली. गोल झाला. आणि सगळ्यांनी एकदम आपापले कान पकडले!

"अरे, हे काय?"

गोपाळ वर्गातला सगळ्यात धीट. तो म्हणाला, "बाई, काय चुकलं ते मागाहून सांगा. आधी कान पकडलेले बरे असतात."

*

कान सोडवले. वादळात सापडलेल्या पाखराची एक कविता वाचली. विचारलं, "हे पाखरू घरट्यात परत का जात नसेल?"

सगळे पुस्तकाची पानं उलटायला लागले.

"पुस्तकात उत्तर नाही रे. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

गोपाळने पुस्तक मिटलं. "बाई, चुकलं तर मार बसेल का? ते आधी सांगा. मग मला बरंच काही वाटतं!"

*

मुलं भीतीबद्दलच बोलत होती, म्हणून मी ठरवलं, की आपण भीतीचीच कविता करू. वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक जुना फळा होता. त्यावर वर लिहिलं, 'मला भीती वाटते'. नियम तीनच. वर्गात जो कुणी येईल त्याने एक ओळ द्यायची, आणि अर्धी ओळ चालणार नाही. तो फळा पुसायचा नाही.

पहिला सापडला शिपाई सखाराम. नोटीस घेऊन आला होता.

"मला भीती वाटते..." एवढं म्हणून तो सटकायला लागला.

"सखारामभाऊ, अर्धी चालत नाही!" सगळा वर्ग ओरडला.

तो दारातच थांबला. डोकं खाजवलं. "मला भीती वाटते, एखाद्या दिवशी मी घंटा वाजवायला विसरलो, तर ही पोरं घरीच जाणार नाहीत."

*

हेडमास्तरांनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून वर्गाचा उंबरा ओलांडणं सोडलं! जे बोलायचं ते बाहेरूनच. दोन्ही पायांचे अंगठे उंबऱ्याच्या बरोबर बाहेर.

एकदा तिथूनच त्यांनी मान लांब करून फळा वाचला आणि पांढरे पडले. "बाई! ही 'सीमा' कुणी लिहिली?"

"गोपाळने. त्यांच्या शेतावरची ओळ आहे, सर."

"शेताची असो की परसाची! प्रांतांच्या सीमेवरून एवढं रण पेटलंय आणि आमच्या फळ्यावर सीमा? साहेबांनी वाचलं तर? 'बांध' करा त्याचा."

गोपाळ कळवळून उठला. "सर, बांध नका लिहू! बांधावरूनच तर काकांची केस चालू आहे!"

*

मग एकदा बुधवारा मोहल्ल्याकडून टांगा आला. आत टोपी घातलेला, खाकी कपड्यांतला माणूस. सखारामने घंटा बडवली. हेडमास्तर हार घेऊन धावले. मी फळ्यापुढे उभी राहिले. हार गळ्यात पडल्यावर तो माणूस घाबरून म्हणाला, "साहेब, मी मलेरियावाला. फवारणीला आलोय."

तोही वर्गात आला. मुलांनी त्यालाही सोडलं नाही. त्याने पंप खाली ठेवला. मग म्हणाला, "मला भीती वाटते, मी फवारा घेऊन गल्लीत शिरलो की घराघरांत देव झाकून ठेवतात, मग देवाला मी दिसणार कधी?"

गोपाळने ते फळ्यावर उतरवलं.

बाहेरून हेडमास्तरांचा आवाज आला, "वर्ग राहो न राहो, हार वाया गेला. निदान डास तरी मारून जा!"

*

सुमन ही नदीकाठच्या केळीवाल्यांची मुलगी. बोलायची कमी, लिहायची जास्त. त्या वर्षी तापीला पूर आला तेव्हा राजघाटावर बाया नदीची ओटी भरायला जमल्या होत्या. त्यांच्यात मला सुमनची आई दिसली, सुमन दिसली नाही. पुढे कितीतरी दिवस ती शाळेतच आली नाही. मी रोज तिची जागा रिकामी ठेवून गोल करायची आणि मनातली काळजी मुलांना दिसू द्यायची नाही.

ती आली ती वडिलांबरोबर. पाण्याने बाग आडवी केली होती. वडील सरळ वर्गात शिरले.

"बाई, हिचं नाव हिंदी वर्गात घाला. हा वर्ग आज ना उद्या बंदच होणार म्हणतात. आन् एक सांगा, घरात आम्ही भेव लपवून ठेवतो, तुम्ही पोरीकडून ते फळ्यावर लिहून घेता?"

मी हजेरीपट उघडला.

सुमन हळूच म्हणाली, "बाबा, ओळ."

"कसली ओळ?"

गोपाळने नियम समजावला. वडिलांनी फळा पाहिला. त्यांना वाचता येत नव्हतं, सुमनने वाचून दाखवला. मग ते म्हणाले, "मले भेव वाटते, मराठीत ठेवली तर हिले नोकरी नाही, आन् हिंदीत टाकली तर ही माझ्याशी कोणत्या बोलीत बोलंल?"

सुमनने ते जसंच्या तसं लिहिलं. नाव बदलायचं त्या दिवशी राहून गेलं.

*

आणि मग खरा इन्स्पेक्टर आला. टांगा नाही, टोपी नाही. सायकलवरून! हार नव्हता, घंटा नव्हती. सखाराम पाणी भरायला गेला होता. उंच, सडपातळ साहेब, मराठीचा गंध नाही. हेडमास्तर सवयीने उंबऱ्याबाहेर थांबले, साहेब आत आले.

नियम आज राहू द्या, असं मला म्हणायचं होतं.

त्याआधीच सुमन उठली. ओढणीचं टोक बोटांभोवती आवळून म्हणाली, "साहब, हमारे वर्ग में जो अंदर आता है, वो एक लाइन देता है।"

बाहेर हेडमास्तरांनी डोळे मिटले.

"ये ऊपर क्या लिखा है?"

"मुझे डर लगता है। सबकी लाइन यहीं से शुरू होती है, साहब।"

साहेबांनी एकेक ओळ तिच्याकडून हिंदीत करून घेतली. घंटेची. देव झाकण्याची. शेवटची ओळ तिने फळ्याकडे बघतच सांगितली.

"यह किसकी है?"

"मेरे बाबा की।"

साहेबांनी खडू उचलला. खाली, स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मुझे डर लगता है'. आणि थांबले. खडू फळ्याला टेकलेलाच.

त्यांनी खडू ठेवला. हात झटकले.

"साहब," गोपाळ म्हणाला, "आधी लाइन नहीं चलती।"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फळ्याकडे.

"तो फिर आना पड़ेगा," ते म्हणाले, आणि सायकल घेऊन गेले.

तेवढ्यात पाण्याची घागर उतरवून सखाराम आत आला. साहेब येऊन गेल्याचं आणि परत येणार असल्याचं कळताच, सगळं साफ करून ठेवावं म्हणून त्याने घाईघाईने ओलं फडकं उचललं आणि मागच्या फळ्याकडे निघाला. आणि हेडमास्तर, ज्यांनी वर्षभर तो उंबरा ओलांडला नव्हता, धावत आत आले, दोन्ही हात पसरून फळ्याला पाठ लावून उभे राहिले.

"खबरदार! साहेबांची ओळ अजून पुरी व्हायचीय!"

गोलातून गोपाळचा आवाज आला.

"सर... ओळ!"