तांब्याची पट्टी

मी मुलांसाठी जादूगारांच्या गोष्टी लिहिते. माझ्या जादूगाराला फुकट काहीच मिळत नाही. एक वस्तू आणायची तर दुसरी द्यावी लागते. हा नियम मला सत्तरच्या दशकात, माझ्या लग्नाच्या आधी, आटपाडीत मिळाला.

तो देणारा माणूस गलाईवाला होता. परमुलखात सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा आणि जत्रेपुरता गावी यायचा. बोटं तेजाबानं काळी पडलेली, बोलणं मात्र मऊ. माझ्या पैंजणांसाठी आईनं आपल्या पायातले जुने तोडे काढून त्याच्या हातावर ठेवले. त्यानं त्यांचे तुकडे करून काचेच्या भांड्यातल्या तेजाबात सोडले. फसफसून वाफ उठली आणि बघता बघता तोडे नाहीसे झाले. उरलं नुसतं निळसर पाणी.

"आवं, आमची चांदी कुटं गेली?" आई घाबरली.

"हाय की हितंच. दिसत न्हाई, येवढंच."

त्यानं तांब्याची एक पट्टी त्या पाण्यात अलगद सोडली. थोड्याच वेळात पट्टीवर पांढरे तुरे फुटू लागले, पिसांसारखे हलके. चांदी परत येत होती! पट्टी मात्र झिजत चालली होती.

"तांबं का झिजतंय?" मी विचारलं.

"फुकट काय येत न्हाई, ताई. चांदीला भाईर यायचं तर तांब्याला आत जावं लागतंय."

मी भारावून भांड्याकडंच बघत राहिले. आई हसली, आणि तिनं आपले मोकळे पाय हळूच लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतले.