मी न वाचलेला कायदा

ती फाईल मी डाउनलोड केली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण या सगळ्या प्रकरणात एवढी एकच गोष्ट माझ्या बाजूने आहे, आणि तीही फारशी नाही. सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर भाडेकायद्याचा जाडजूड इंग्रजी मसुदा होता. तो मी उतरवून घेतला आणि उघडलाच नाही.

मी लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. फोर्टातल्या एका खासगी कंपनीत कारकुनी करतो. पाच-सहा वर्षं चाळकऱ्यांच्या हक्कांवर ब्लॉग लिहीत होतो. वकिलीचं एक पुस्तकही मी कधी धड वाचलेलं नाही. पण लोक मला 'साहेब' म्हणायला लागले होते. जिन्यात भेटलेली म्हातारी माणसं आपल्या भाड्याच्या पावत्या दाखवायची आणि मी चष्मा कपाळावर सरकवून मान हलवायचो.

माझ्यासारखे आणखी काही जण होते. दादरचा एक निवृत्त बँकवाला, गिरगावातला एक इस्टेट एजंट, परळचा एक शिक्षक. आम्ही एकमेकांना 'अभ्यासू' म्हणायचो. एकाने लिहिलेलं दुसरा चार शब्द फिरवून लिहायचा, तिसरा वर लाल अक्षरांत 'सावधान' घालायचा. कायदा वाचायचा आम्हाला कंटाळा, पण कलमाचा क्रमांक मात्र हमखास द्यायचो. क्रमांक दिसला की माणसं पुढे विचारत नाहीत, एवढं कायद्याचं ज्ञान आम्हाला होतं.

तर एक दिवस दादरच्या बँकवाल्याने लिहिलं की नवा भाडेकायदा झाला आहे, आणि ज्या खोलीची पावती मेलेल्या माणसाच्या नावावर आहे त्या खोलीवरचा हक्क तीन महिन्यांत संपणार.

बाहेरच्या माणसाला यात काय मोठं ते कळणार नाही. आमच्याकडे पागडीच्या खोल्या. मालक दुसरा, पण भाडेकरूचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालतो. पावती मात्र कोणी आपल्या नावावर करून घेत नाही. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली तरी दर महिन्याची पावती त्यांच्याच नावाने फाटते. मालकाच्या मुनीमापुढे जाऊन नाव बदला म्हणणं म्हणजे त्याच्या हाती आयतं कोलीत देणं, म्हणून लोक गप्प राहतात. थोडक्यात, अख्खी चाळ मेलेल्यांच्या नावावर राहते. अशा चाळीत ही बातमी म्हणजे आग.

जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून, मी अर्ध्या तासात लेख लिहिला. बँकवाल्यापेक्षा माझा जोरदार झाला. त्याने 'संपणार' म्हटलं होतं, मी 'आपोआप रद्द' म्हटलं. शेवटी लिहिलं की ताबडतोब मालकाकडे जाऊन नाव बदलून घ्या. संध्याकाळपर्यंत तो प्रत्येक मंडळाच्या ग्रुपवर फिरला. घरी येताना मी मुद्दाम सावकाश जिना चढलो, कोणी काही विचारेल म्हणून.

आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक काकी राहते. नवरा गिरणीत होता, गिरणीसोबतच तोही गेला. मूलबाळ नाही. तिने वर्षानुवर्षं मालवणी माणसांची खानावळ चालवली. लहानपणी मीही तिथे जेवलो आहे. तिची पावती तिच्या सासऱ्याच्या नावावर होती, आणि त्या सासऱ्याला तिने कधी पाहिलंही नव्हतं.

तीन आठवड्यांनी ती माझ्याकडे आली. हातात ताटलीत घावणे आणि काखेत प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून तिने एक कागद काढून माझ्यासमोर धरला.

"बघ रे झिला. माझ्या नावावर झाली खोली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव कुठल्या कागदावर आलं."

माझा लेख तिने शेजारणीकडून दोनदा वाचून घेतला होता. मग एकटीच मुनीमाकडे गेली. मुनीम फार गोड बोलला, म्हणाली. चहा दिला. कुठे सही करायची ते बोट ठेवून दाखवलं.

तो कागद मी वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलेला, कित्येक वर्षांतला तो माझा पहिला कायदेशीर कागद असावा. काकीचं नाव त्यात खरंच होतं. पण भाडेकरू म्हणून नव्हतं. मालकाच्या परवानगीने अकरा महिने खोली वापरणारी बाई, एवढंच. जुना हक्क आपण स्वखुशीने सोडला असंही तिच्याच तोंडी घातलं होतं. आमची चाळ पुनर्विकासात जाणार आहे. नव्या इमारतीत खोली मिळते ती भाडेकरूला. अकरा महिन्यांच्या बाईला काहीच मिळत नाही.

मी तिला काय सांगितलं? "छान झालं काकी," असं सांगितलं. आणि घावणे खाल्ले.

ती गेल्यावर मी तो मसुदा उघडला. वरच्याच पानावर लिहिलं होतं की हा मसुदा आहे, लोकांच्या हरकती मागवण्यासाठी. कायदा झालाच नव्हता. आणि मृताच्या नावाचं ते कलम पुढे नव्याने दिलेल्या जागांपुरतं होतं. आमच्यासारख्या जुन्या खोल्या सरळ वगळल्या होत्या. हे शोधायला मला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं. लेख लिहायला त्याहून जास्त लागली होती.

मग मी काय केलं, तर लेख काढून टाकला. गुपचूप, दुरुस्ती नाही, माफी नाही. काकीकडे जाण्याआधी मी हे केलं.

दुसऱ्या दिवशी हिंदमाताजवळच्या हॉटेलात मी त्या बँकवाल्याला गाठलं. मसुदा त्याच्यापुढे ठेवला. त्याने हातही लावला नाही. त्याला ही बातमी गिरगावच्या एजंटाने दिली होती, आणि एजंटाला कोणी दिली हे विचारायची त्याला गरज वाटली नव्हती. काकीचं सांगितलं तर म्हणाला, "अहो साहेब, जागृती तर झाली ना? सही करताना बाईंनी वाचायला नको?" मग त्याने इडली मागवली आणि आपला लेख किती लोकांनी वाचला ते मोबाइलवर दाखवू लागला. मला त्याची किळस आली. त्याच्या चेहऱ्यावरचा तो समाधानाचा भाव मला चांगला ओळखीचा होता, म्हणून जास्तच आली.

काकीला सांगायला मला आणखी चार दिवस लागले. ती तांदूळ निवडत ऐकत राहिली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "तू वाईट असतास तर बरं होतं. वाईट माणूस मी दारात ओळखते. खानावळ चालवली आहे मी. तू आळशी निघालास, ते कसं ओळखणार?"

आम्ही शीवच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, फसून सही केली हे दाखवायला हवं. तो लेख आणा. मी लेख काढून टाकल्याचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काकीला विचारलं की तुमच्याकडे आहे का. शेजारणीच्या मोबाइलवर मंडळाच्या ग्रुपमध्ये तो अजून होता, माझ्या नावासकट. बँकवाल्याला मी त्याचा लेख कोर्टात देऊ का विचारलं, तर त्याने माझा नंबरच ब्लॉक केला.

तो कागद रद्द व्हावा म्हणून काकीने दावा लावला, आणि कोर्टात मी तिच्या बाजूने साक्षीला उभा राहिलो. मालकाचा वकील तरुण आणि हुशार होता. त्याने माझे जुने लेख काढले होते. लोकांनी मला 'साहेब', 'अभ्यासू' म्हटलेलं वाचून दाखवलं. मग विचारलं, "एवढा जाणकार माणूस तुम्ही. तुम्ही लिहिता ते तपासूनच लिहिता ना?"

त्याला काय हवं ते मला कळलं. हो म्हटलं तर लेख जबाबदारीने लिहिलेला ठरणार होता, आणि काकी समजून-उमजून सही करून आलेली. काकी मागच्या बाकावर बसली होती, मांडीवर ती प्लास्टिकची पिशवी. चाळीतले आणखी दोघंतिघं आले होते.

"नाही," मी म्हणालो. "हा लेख मी मूळ मसुदा न वाचता लिहिला. आधीचेही बहुतेक तसेच."

"म्हणजे लोकांना खोटं सांगत होतात?"

"हो."

कारकुनाने ते उतरवून घेतलं. मला वाटलं होतं, इतकं बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

निकाल अजून लागलेला नाही. तो लागेपर्यंत काकीला खोलीतून काढायचं नाही, एवढा हुकूम झाला आहे. पुनर्विकासाच्या यादीत तिच्या खोलीपुढे 'वादग्रस्त' असं लिहिलं आहे. ते मी डोळ्यांनी वाचलं, कोणाच्या सांगण्यावरून नाही. तारखेच्या दिवशी आम्ही एकाच टॅक्सीने जातो. ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसते, मी मागे.