माझं नाव यादीतून गेलं तेव्हा

लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. ते सासूबाईंनी निवडलं होतं. तेव्हापासून घरात, मळ्यात, अमरावतीच्या फुलबाजारात मी त्याच नावाची. जुनं नाव माहेरी राहिलं आणि मतदार कार्डावर राहिलं, कारण ते कार्ड माझ्या चौथीच्या दाखल्यावरून निघालं होतं. बदलून घ्यावं असं कधी कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मतदान मी दरवेळी करायची. आदल्या दिवशी नवरा चिन्ह सांगायचा, मी तेच बटण दाबून यायची. बोटाला शाई लागली की झालं.

मागच्या ग्रामपंचायतीला मात्र मी पहिल्यांदा स्वतः ठरवलं होतं. आमच्या मळ्याकडे जाणारी पांदण पावसाळ्यात चिखलाने बुजते. काळी माती चप्पल सोडत नाही. झेंडूचे क्रेट आम्ही बायका डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत आणतो. महिलांच्या ग्रामसभेत शिलाईकाम करणाऱ्या एका बाईने उभं राहून त्या पांदणीचं विचारलं. मी मागे भिंतीला टेकून बसले होते. माझ्याच मनातलं ती बोलत होती. पुढे ती आमच्या वॉर्डातून उभी राहिली. तिला मत द्यायचं मी ठरवलं आणि घरात कोणाला सांगितलं नाही.

मतदानाच्या दिवशी तासभर रांगेत उभी राहिले. आतल्या माणसाने यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, तुमचं नाव नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "चाला न वो, आमाले बी मत टाकू द्या!"

कार्ड मुठीत धरून मी बाहेर आले. शाळेच्या फाटकाशी अंगणवाडीच्या बाई चिठ्ठ्या देत बसल्या होत्या. यादीचं काम त्यांच्याकडेच असतं. माझं कार्ड पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"हे तुमी होय? मी घरोघरी पडताळणी केली, तवा तुमी मळ्यात होत्या. तुमच्या सासूले हे नाव विचारलं, तं त्या म्हणे, अशी कोनी नाई आमच्या घरी."

घरी येऊन मी सासूबाईंना कार्ड दाखवलं. "आत्याबाई, हे नाव माह्यं हाय."

त्या कार्डाकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नाही. "मले काय मालूम, माय? मांडवात एकदा आयकलं होतं. मले वाटलं, दुसऱ्याच्या घरचं नाव चुकून आलं."

नवरा हसला. "एका मतानं काय होते? चाल, चहा ठेव."

मी चहा ठेवला. ती शिलाईकाम करणारी बाई निवडणुकीत पडली. माझ्या मताने ती निवडून आली असती असं नाही. पण मी मनात धरलेलं पहिलं मत माझ्याच मनात राहून गेलं, हे बरेच दिवस टोचत होतं.

अंगणवाडीच्या बाईंनी आणखी एक सांगितलं. वगळायच्या नावांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कितीतरी दिवस लावलेली होती. मला वाचता येतं. फुलं बांधायला रद्दी येते, तिच्यातलं मी कोपऱ्यातलंसुद्धा वाचते. पण त्या भिंतीसमोर पार आहे, पारावर गडीमाणसं बसलेली असतात, म्हणून मी तिथून खाली मान घालून जाते. म्हणजे सासूबाईंनी नकळत माझं नाव घालवलं, आणि मी पदराआड राहून ते जाऊ दिलं. दोष वाटून घ्यायचा तर माझा वाटा लहान नाही.

नाव पुन्हा घालायचा अर्ज भरायला सासूबाई आपणहून माझ्यासोबत आल्या. अंगणवाडीच्या बाईंनी विचारलं, "नाव कोनतं लिहू?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. ताटातलं नाव त्यांनी हौसेने दिलं होतं. "दाखल्यावरचं," मी म्हटलं, आणि चोरी केल्यासारखं वाटलं.

परत येताना सासूबाई विहिरीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "माह्यंबी एक होतं." मग त्यांनी आपलं माहेरचं नाव सांगितलं. इतक्या वर्षांत ते आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. किती गोड नाव होतं.

नवी यादी लागली त्या दिवशी आम्ही दोघी भिंतीपाशी गेलो. पारावर आमच्या वॉर्डातून निवडून आलेले सदस्य बसले होते. ते म्हणाले,

"काय आजी, सुनेले निवडनुकीत उभं करता का?"

"केलं तं तुह्यी खुर्ची जाईन, बाबू," सासूबाई म्हणाल्या. पारावरचे सगळे हसले, सदस्यही हसले.

मी पाराकडे पाठ करून यादी वाचत होते. माझं नाव सापडलं. खाली सासूबाईंचं होतं. त्यांचं बोट धरून आधी माझ्या नावावर टेकवलं, मग त्यांच्या. त्या बराच वेळ बोट काढेनात.

मी पाराकडे वळले. कालपर्यंत या सदस्यांच्या यादीत मी नव्हतेच. आता होते.

"भाऊ, पांदनीचं काय झालं?" मी विचारलं. आवाज इतका बारीक निघाला, की पारावरचे गप्प झाले म्हणूनच तो ऐकू गेला.

सदस्य पान चघळायचे थांबले. "पाहू," म्हणाले.

"कवा?" यादीवरचं बोट न काढता सासूबाईंनी विचारलं.