तमन्नेची पाच वाक्यं

'जाना' या दोन अक्षरांच्या क्रियापदानं माझा जेवढा छळ केला, तेवढा कुण्या माणसानं केला नाही. मी तेव्हा वालूरच्या शाळेत मराठी शिकवायचो. राज्य निजामाचं, नोकरी पक्की व्हायची तर मास्तरानं उर्दूची परीक्षा पास व्हायला हवी. मी दोनदा आपटलो होतो. तिसऱ्यांदा आपटलो असतो तर नोकरी गेली असती आणि थोरल्या भावाचे टोमणे ऐकत त्याच्या शेतात औत हाकावं लागलं असतं.

चीड याची, की भाषा मला येत होती. बाजारात 'हौ', 'नक्को' करत मी बैलाचा सौदा करायचो, शिंप्याशी भांडायचो. पण पुस्तकातली उर्दू आमच्या बाजारातल्या उर्दूला ओळखसुद्धा दाखवत नव्हती.

त्यातही 'माज़ी तमन्नाई' नावाचं एक रूप होतं. जे घडलं नाही, पण घडायला हवं होतं असं मनाला लागून राहिलंय, ते सांगायचं रूप. 'काश मैं जाता', म्हणजे मी गेलो असतो तर किती बरं झालं असतं. मोहतमीमसाहेब, म्हणजे शाळांचे मोठे तपासनीस, तोंडी परीक्षेत 'जाना' देऊन याचीच पाच वाक्यं करायला सांगत. दोन्ही वेळा तिथंच माझी दातखीळ बसली.

गावात एक म्हातारे मौलवीसाहेब होते. त्यांच्याकडे शिकवणी लावली. ते पुस्तकातली वाक्यं पाठ करू देत नसत. इच्छा आपली स्वतःची असली की वाक्य विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग मी वैतागून माझी पाच वाक्यं जुळवली. काश मैं हैदराबाद जाता. काश मैं शादी से पहले जाता. काश मैं अकेला जाता. काश मेरी बीवी मायके जाती. काश वो जाती और वापस न आती.

शेवटची दोन सुचली तेव्हा आत भाकरी थापायचा आवाज चालला होता आणि मला डोकं लावता येत नव्हतं. बायकोचा गुन्हा एवढाच. पहिली तीन मात्र खरी होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

रोज सकाळी ती चुलीपुढं बसली की मी ओसरीत येरझारा घालत हीच वाक्यं मोठ्यानं घोकायचो. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. असे दोन महिने गेले. आमच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. ती मानवतची. तिच्या माहेरच्या गल्लीत कोण राहतं, काय बोलतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. बायकोला कुठली उर्दू येणार, असं मी धरून चाललो होतो. मास्तर होतो ना मी.

परीक्षा परभणीला झाली. साहेबांनी 'जाना' दिलं आणि मी पाचही वाक्यं धडाधडा म्हणून टाकली. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, लग्नाला किती दिवस झाले ते विचारलं आणि हसत हसत मला पास केलं.

सेलूपर्यंत रेल्वेनं आणि तिथून पायी घरी आलो. नोकरी पक्की झाल्याचं बायकोला सांगितलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. चेहऱ्यावर आनंद नाही की काही नाही. मला रागच आला. एवढी उरस्फोड केली ती काय फक्त माझ्यासाठी?

"मग आता मला मानवतला कधी नेऊन सोडताव?" तिनं विचारलं.

कशाला, म्हणून मी खेकसलो.

"तुमीच तर दोन महिने म्हणायलाव. आमच्या गल्लीत समदे उर्दूच बोलतेत. तोंडावर सांगवंना म्हणून त्या बोलीत सांगायलाव, असं वाटलं मला."

कोपऱ्यात तिची पत्र्याची पेटी भरून ठेवलेली होती. वर घडी घातलेलं लुगडं होतं. दोन महिने ही बाई रोज माझं ते ऐकत होती आणि रोज मला भाकरी वाढत होती. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"अगं, ती नुसती उदाहरणं होती," मी म्हणालो.

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"पाचाच्या पाच?"