विहिरीजवळच्या चिकूची भेट कलमं

उमेळ्याच्या आमच्या वाडीत इमारत होणार हे ठरलं, तेव्हा आईने एकच गोष्ट मागितली. विहिरीजवळचा चिकू. झाड हलवता येणार नाही हे तिलाही कळत होतं. "त्याचं एक पोर तरी दे मला," म्हणाली. वाडीचे वाटेकरी आम्ही सहा चुलतभाऊ. बिल्डरच्या करारावर सहाही सह्या झाल्या होत्या, त्यात माझी होती.

पापडीच्या नर्सरीवाल्याने भेट कलम सुचवलं. रायणीचं, म्हणजे चिकूच्या कुळातल्या रानटी झाडाचं, रोप पिशवीसकट चिकूच्या फांदीपर्यंत न्यायचं, दोघांची साल तासून त्यांना एकमेकांशी बांधायचं आणि फांदी झाडावरच ठेवायची. सांधा जुळेपर्यंत फांदीला मूळ झाडच पोसतं. नंतरच ती कापायची, म्हणजे मुळं रायणीची आणि वरचं झाड चिकूचं. याला तीन महिने लागतात.

"साडेतीन धरा," तो म्हणाला.

मी चार धरले. साइटच्या सुपरवायझरला विचारलं, तोही हो म्हणाला. झाडाखाली बांबूचा माच बांधला, त्यावर सात पिशव्या ठेवल्या आणि वरून हिरवी शेडनेट ओढली. कलमं लावायच्या जागेचाही प्रश्न सोडवला होता. आमच्या सोसायटीच्या मागचा कोपरा मी सभेत मंजूर करून घेतला होता.

आई रोज संध्याकाळी रिक्षाने वाडीत जायची. एखाद दिवस गुडघा दुखला तर मला विचारायची, "पानी घातलंस ना?"

दुसरा महिना सरत असताना सुपरवायझर बदलला. नवा मुलगा अदबीने बोलला. "काका, झाडं काढायची परवानगी आली आहे. सोमवारी मशीन येणार."

"तुमच्या आधीच्यांनी मला शब्द दिला होता."

"ते भिवंडीच्या साइटवर गेले. माझ्या हातात असतं तर मी थांबलो असतो, काका."

मी बिल्डरच्या ऑफिसला फोन केला, चुलतभावांना केला. सगळे नीट बोलले. सोमवार कोणी हलवला नाही.

रविवारी नर्सरीवाल्याने सातही फांद्या सांध्याखाली कापल्या. एक सांधा त्याने बोटाने चाचपला. आईने विचारलं, "जगतील?"

"बघू या, बाय. बाहेरची हवा लागू द्यायची नाही."

त्याने ती कलमं पापडीला नेऊन नर्सरीतल्या प्लॅस्टिकच्या बोगद्यात ठेवली आणि कडा मातीने दाबून टाकल्या. आत ओल टिकली पाहिजे, म्हणून उघडायचं नाही. आम्ही जाऊन बाहेर उभे राहायचो. प्लॅस्टिकवर आतून थेंब जमलेले असायचे, त्यातून पानं धूसर दिसायची. मी आर्द्रता मोजायचं यंत्र आणून दिलं होतं. काटा नव्वदच्या वर होता. आकडा चांगला होता आणि पानं गळत होती.

महिन्याभराने बोगदा उघडला तेव्हा सहा काड्या काळ्या पडल्या होत्या. सातव्या पिशवीत दोन कोवळी पानं होती. आई खाली बसली. "आलं की रे."

मी सांध्याकडे पाहिलं. फूट सांध्याच्या खालून आली होती.

"आई, हे रायणीचं आहे."

तिने नर्सरीवाल्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. "ही फूट खुडायला लागेल. नाहीतर सगळा जोर तीच खाईल, वरच्या काडीला काही मिळणार नाही."

"वरची जिवंत आहे का पण?"

त्याने नखाने काडीची साल जरा खरवडली. आत तपकिरी होतं. थोडं खाली खरवडलं, तिथे हिरवट वाटलं. मला तरी वाटलं. "सांगता येत नाही," तो म्हणाला, आणि चिमटीत ती पानं धरून माझ्याकडे बघत राहिला. मी आईकडे बघत होतो.

"नको खुडू," आई म्हणाली. "एवढं एकच हिरवं आहे."

त्याने हात मागे घेतला. मी पिशवी उचलून रिक्षात ठेवली. वाटेत आईने ती मांडीवर घेतली आणि विचारलं, रायणीला फळ कधी धरतं. मला माहीत होतं, पण तिचं वय लक्षात घेऊन मी वर्षांचा आकडा सांगितला नाही.