नेलपॉलिशचे ठिपके

"थांबा, आधी ऐकू तर द्या," असं म्हणून चाचा मोबाईल कानाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. समोर गिऱ्हाईक ताटकळत असो नाहीतर चहा निवत असो. सगळं आयुष्य रेडिओदुरुस्तीत गेलेलं, त्यामुळे कुठल्याही यंत्राची पारख कानानंच करायची ही त्यांची खोड. राहुरीत आमच्या बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, मोबाईल आले, पण चाचांचा कान तोच राहिला.

तुमच्याही गल्लीत असं एखादं दुकान असेल बघा, जिथं म्हाताऱ्या माणसांचे फोन दुरुस्तीला येतात आणि बिघडलेलं काहीच नसतं. कुणाला कीर्तन कुठं लागतं ते सापडत नसतं. कुणाला कांद्याचा भाव बघायचा असतो आणि समोर भलतंच कुणीतरी नाचत असतं. चाचा एकेकाला विचारायचे, तुम्हाला नक्की काय पाहिजे? तेवढंच ठेवून बाकीचं सगळं काढून टाकायचे. मग काउंटरखालून लाल नेलपॉलिशची बाटली निघायची. पाहिजे ते ॲप पडद्याच्या अगदी तळाच्या ओळीत बसवायचं आणि त्याच्या बरोबर खाली, कव्हरच्या कडेवर, एक ठिपका द्यायचा. पूर्वी रेडिओच्या काचेवर नगर केंद्र लागतं तिथं ते असाच ठिपका देत असत. ठिपका वाळला की बोटाला कळतो, त्याला चष्मा लागत नाही.

आमच्या घरी प्रश्न डोळ्यांचाच होता. माझे सासरे, अण्णा, निवृत्त प्राथमिक शिक्षक. सकाळी ओट्यावर बसून पेपर अथपासून इतिपर्यंत वाचायचा, आणि जाणारा-येणारा "काय विशेष, गुरुजी?" म्हणाला की त्याला सांगायचं, हा त्यांचा नेम. पुढं डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं आणि अक्षरं गेली. पेपर सुटला तो सुटलाच, पण लोकांनी विचारायचंही सोडलं. उगाच कशाला दुखवा म्हणून बिचारे मान खाली घालून पुढं जायचे. अण्णा बोलायचेच बंद झाले. जेवता का म्हटलं की हो, चहा ठेवू का म्हटलं की हो. एवढा बोलका माणूस असा भिंतीकडं बघत बसलेला पाहून मला खरंच भीती वाटायला लागली होती.

मी वाचून दाखवत होते, नाही असं नाही. पण माझी शाळा सकाळची. एक डोळा तव्यावर ठेवून मथळे भराभर वाचायचे, याला काय वाचणं म्हणतात? "राहू दे, तुला उशीर होईल," असं अण्णाच म्हणायचे. मग नवऱ्यानं मोठ्या पडद्याचा फोन आणला आणि बातम्यांची दिसतील ती सगळी ॲपं त्यात कोंबली. तो फोन दिवसभर टिंगटिंग करायचा. अण्णांनी तो उशीखाली दाबून टाकला. मी तो काढला आणि तडक चाचांकडं गेले.

चाचांनी फोन ठेवून घेतला. शाळेतून येताना बघावं तर चाचा दुकानात डोळे मिटून बातम्या ऐकत बसलेले. एक ॲप प्रत्येक बातमीला धक्कादायक म्हणायचं. "यांच्या घरी रोजच आग लागती," म्हणत त्यांनी ते काढून टाकलं. दुसरं बातमीच्या मध्येच साबण विकायचं, तेही गेलं. तिसऱ्याचा आवाज गोड होता, पण त्याला मुंबई-पुण्यापलीकडं गावंच माहीत नव्हती. शेवटी त्यांनी घरी येऊन अण्णांनाच विचारलं की पेपर कुठल्या पानापासून वाचायला घ्यायचात. अण्णा म्हणाले, आतल्या पानापासून, आपल्या तालुक्याच्या. झालं, चाचांना धागा सापडला. जिल्ह्यातल्याच कुणीतरी चालवलेली, बातम्या वाचूनही दाखवणारी एक साधी वेबसाइट त्यांनी शोधून काढली, तिचं चिन्ह तळाच्या ओळीत बसवलं आणि त्याच्याखाली लाल ठिपका दिला.

वाचणारा आवाज यंत्राचा. तो वाक्य कुठंही तोडायचा आणि दोन बातम्या एका दमात म्हणायचा. अण्णांमधला मास्तर जागा झाला. "अरे, पूर्णविरामाला थांब जरा," असं ते फोनला दटावताना ऐकून मी स्वयंपाकघरात पोट धरून हसले. हसता हसता डोळेही पुसले.

पण ऐकून झालं की अण्णा परत गप्प. हे मी चाचांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन, ते आमच्या ओट्यासमोर येऊन उभे राहिले.

"काय विशेष, गुरुजी?"

अण्णा जरा गडबडले. मग सांगायला लागले. मुळा धरणाच्या कालव्याला सोमवारी पाणी सुटणार, स्टँडामागच्या रस्त्याचं काम परत थांबलं.

"असं व्हय? मला न्हवतं ठाऊक," चाचा म्हणाले.

मग हे रोजचंच झालं. एकदा मला लवकर निघायचं होतं, तर चाचा त्यांच्या घराच्या पायरीवर बसून तीच वेबसाइट ऐकत होते. मी म्हटलं, चाचा, हे काय? तुम्हाला तर सगळं आधीच ठाऊक असतं. त्यांनी हळूच फोन खिशात घातला.

"ऐकलंय की मी. पन गुरुजींच्या तोंडून कुठं ऐकलंय?"

चाचांचं बघून दूधवाला थांबायला लागला, समोरच्या काकू थांबायला लागल्या. एकदा माझ्या नवऱ्यानं हौसेनं फोन 'नीट लावून' ठेवला आणि तळाची ओळ बदलली. सकाळी लाल ठिपक्यावर भरल्या वांग्यांची कृती लागली. अण्णांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि दूधवाल्याला आजचं विशेष म्हणून तीच सांगितली, मसाल्यासकट. चाचांनी माझ्या नवऱ्याला जे काही झापलंय, सांगता सोय नाही. मी मध्ये पडले नाही.

मागच्या वर्षी चाचांच्या गुडघ्यांनी दगा दिला. लेक येऊन त्यांना संगमनेरला घेऊन गेली. दुकानात आता उसाचा रस मिळतो. चाचा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी बातम्या लावल्या, ऐकल्या आणि फोन पालथा ठेवून दिला. दूधवाल्यानं विचारलं तर म्हणाले, काही नाही विशेष. परत तेच सुरू होतंय की काय, असं मला वाटलं.

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "तुझ्याकडं नेलपॉलिश आहे का गं?"

माझ्याकडं फिकट गुलाबी होती. म्हणाले, चालेल. चाचांना निरोप पाठवायचं बटण पडद्यावर कुठं येतं ते त्यांनी माझं बोट धरून नीट समजून घेतलं आणि त्याच्याखाली स्वतःच्या हातानं ठिपका दिला. अर्धा कव्हरवर, अर्धा अंगठ्यावर.

आता रोज सकाळी आधी लाल, मग गुलाबी. अण्णा फोन तोंडाशी धरून सावकाश, पूर्णविरामाला थांबत सगळ्या बातम्या सांगतात. मी पोळ्या लाटत असते. थोड्या वेळानं ओट्यावरून संगमनेरचा आवाज येतो, "असं व्हय, गुरुजी? मला न्हवतं ठाऊक."